घड्याळाबाहेरची वाळू

१

क्राइन मेला होता, पण त्याने मारलेली गाठ सुटली नव्हती.

जहाजाच्या उजव्या कुशीबाहेर पाणी जोखायची एक अरुंद फळी होती. तिच्याखाली तो कमरेच्या दोराला लोंबकळत होता. हात पाण्याकडे, जणू खाली पडलेलं काही उचलून घेतोय. धुकं एवढं दाट की त्याची बोटं दिसत होती आणि बोटांखालचं पाणी दिसत नव्हतं.

चौघांनी ओढून त्याला वर घेतलं. डोकं मागून फुटलं होतं. दोरीच्या टोकाचं शिसं, ज्यानं तो पाणी जोखायचा, ते दोरीसकट गेलं होतं.

"आत्ता सहा टोल पडले ना," सुकाणूवाला लुब्बर्ट म्हणाला. प्रेत पहिल्यांदा त्यालाच दिसलं होतं. "किती वाव खोल पाणी झालं ते विचारायला आलो, तर हा असा."

आचारी एल्के हातातला डाव तसाच घेऊन आला होता. त्याला सकाळ आठवली. क्राइन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून शिशाच्या तळाची खळगी पुढे करत होता. "चरबी घाल रे म्हातारबा. तळाची वाळू चिकटल्याशिवाय मला वाट कळत नाही." आणि एल्के म्हणाला होता, "नेहमीची संपली. ही डुकराची धुरातली आहे, शेवटची. वास येईल." क्राइन हसला होता. "माशांना आवडेल."

आता त्याच्या दाढीत धुक्याचे थेंब बसले होते.

हॉलंडचं हे चाळीस तोफांचं जहाज. नाव कीविट, म्हणजे टिटवी. दोन दिवस ते वाळूच्या दांड्याआड नांगर टाकून दडलं होतं. उत्तरेच्या तोंडाशी इंग्रजांची तीन जहाजं धुकं विरायची वाट बघत होती. दक्षिणेला दांड्यावरून एक चोरवाट होती, ती फक्त ऐन भरतीला उघडायची. वाट एकट्या क्राइनला ठाऊक. त्याने सकाळीच कागदावर लिहून कप्तानाला दिलं होतं: आठ टोलांना जहाजापाशी सहा वाव पाणी होईल, म्हणजे दांडा ओलांडता येईल, तेव्हा नांगर उचलायचा. थोड्याच वेळात ओहोटी लागेल, मग नाही.

ओहोटीत दांड्यावर बसलेलं जहाज म्हणजे ताटात वाढलेला मासा. धुकं सरलं की शत्रूनं फक्त काटे काढायचे.

कप्तान स्लाउटरनं प्रेताकडे पाहिलं, मग जमलेल्या माणसांकडे. "सहा टोल पडायच्या आधी पंपावर कोण होतं?"

सगळ्यांना माहीत होतं.

"येप्पे," शेवटी लुब्बर्ट म्हणाला. "आणि त्याचं गाणं मध्येच थांबलं होतं."

२

येप्पे नॉर्वेचा. डच जहाजांवर नॉर्वेची माणसं ढिगानं असत, पण येप्पेसारखं गाणारं कुणी नव्हतं. जहाजात झिरपलेलं पाणी उपसायच्या पंपाचा दांडा खाली नेताना एक ओळ, वर घेताना एक ओळ. गाणं त्याच्या गावाचं होतं. समुद्राकाठची बेचाळीस दारं आणि प्रत्येक दारात वाट पाहणारं एक माणूस.

*पहिल्या दारी बाई जाळं विणते सुताचं,*
*पाण्या रे, सांग मला, काय झालं माझ्या पुताचं…*

बेचाळीस दारं म्हणजे वाळूच्या घड्याळाचा एक फेरा, अर्धा तास. फेरा संपला की घड्याळ उलटायचं आणि घंटेवर टोल वाढवायचा. आठ टोल झाले की चार तासांची पाळी संपली. येप्पेचं गाणं आणि टोल ही जोडी सगळ्यांच्या कानात बसलेली. टोल पडायचा तेव्हा गाण्याची दोन-तीन दारं उरलेली असत, आणि कुणीतरी हटकून ओरडे, "येप्पे, तुझी आई दारातच राहिली रे!"

आज तसं झालं नव्हतं. पाच टोलांनंतर गाणं सुरू झालं, बेचाळीसही दारं झाली, आणि टोल पडलाच नाही. मग शांतता. बराच वेळ शांतता. मग सहा टोल. मग लुब्बर्टची हाक.

"दारं गाळून भरभर गायलास," कप्तान म्हणाला. "उरलेल्या वेळात फळीवर गेलास. पंपापासून फळी वीस पावलं. काल क्राइननं तुझ्या गाण्याला मढ्याचं गाणं म्हटलं, आणि तू काय म्हणालास?"

येप्पेची मान खाली होती. "म्हणालो, पाणीच एक दिवस तुझं तोंड बंद करील."

"बरोबरचा पंपवाला?"

"तापानं पडलाय. एकटाच होतो."

"मग गाणं संपल्यावर काय केलंस?"

"बसलो, साहेब. टोलाची वाट बघत."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

जहाजाचा कायदा जुना होता. बोटीवर ज्यानं माणूस मारला, त्याला त्याच माणसाच्या पाठीला पाठ लावून बांधायचं आणि दोघांना एकत्र पाण्यात सोडायचं. कप्तान क्रूर नव्हता, पण लढाई तोंडावर होती. "मारेकरी पोटात घेऊन माझी टिटवी निघणार नाही. सात टोलांना."

म्हणजे एक फेरा. एका घड्याळाची वाळू.

"साहेब," एल्के म्हणाला. तो बोलला याचंच सगळ्यांना नवल वाटलं. "मरणाऱ्याला जेवण द्यायची रीत आहे. ते मी देईन. आणि तोवर चार माणसांशी बोलेन. परवानगी असावी."

कप्तानानं त्याला न्याहाळलं. मागच्या लढाईत पेटत्या तोफखान्यातून एल्केला खांद्यावर टाकून बाहेर काढणारा येप्पेच होता, हे त्यालाही ठाऊक होतं. एल्केचा डावा कान त्या दिवशीच गेला होता.

"सात टोलांपर्यंत," कप्तान म्हणाला. "वाळू कुणासाठी थांबत नाही, एल्के."

३

येप्पेच्या पायात बेड्या होत्या. एल्केनं त्याच्यापुढे वाटी ठेवली.

"हे काय आणलंस?"

"वाटाण्याचं कढण."

येप्पेनं चमचा फिरवला. एकही दाणा सापडला नाही; सगळं पीठ होऊन गेलं होतं, खालून करपल्याचा वास. एवढ्या प्रसंगीही त्याच्या ओठाचा कोपरा हलला. "दोन वर्षं तुझे वाटाणे चावून दात पडले, म्हातारबा. आणि आज मरायच्या दिवशी मऊ?"

"खा गुमान."

"मी दारं गाळली नाहीत."

"माहीत आहे मला."

"कसं माहीत?"

एल्केच्या उरलेल्या कानात अजून ते गाणं होतं, सबंध. सतराव्या दारातला आंधळा सुतार होता. एकोणतिसाव्या दारातल्या जुळ्या पोरी होत्या. शेवटी आई होती.

*शेवटल्या दारी आई, हात पुसते पदराला,*
*म्हणे, "पाण्या, थांब जरा, ताट वाढते लेकराला…"*

"गाणं संपल्यावर कुणाची चाहूल लागली?"

"धुक्यात सगळं ओल्या कापडात गुंडाळल्यासारखं. पण…" येप्पे थांबला. "क्राइनचा आवाज आला. शिसं ओढून घेताना तो नेहमी आकडा मोठ्यानं म्हणतो ना. म्हणाला, 'सहा.' मग हळू, कुणाशी तरी बोलल्यासारखा: 'बघ, सहा. मी सांगतो ना तुला.' मला वाटलं, सहा टोल झाले म्हणतोय. म्हणून मी कान टवकारले. पण टोल नव्हता पडला."

"कुणाशी बोलत होता?"

"दुसरा माणूस बोललाच नाही."

एल्के उठला. येप्पेनं त्याची बाही धरली. "म्हातारबा, मला पाण्याची भीती नाही. पण त्याच्या पाठीला नको रे. मला गाण्यापुरती तरी पाठ मोकळी हवी."

४

लुब्बर्टचा राग सगळ्या जहाजाला ठाऊक होता. दहा वर्षं सुकाणू त्यानं धरलं आणि वाट दाखवायचा मान क्राइनला मिळाला. आता मान आपोआप त्याच्याकडे आला होता.

"मी कप्तानसाहेबांपाशी होतो, पाच टोलांपासून," तो म्हणाला. "विचार त्यांना. सहा टोल ऐकले तेव्हाच उठलो."

"विचारलं. खरं आहे."

"मग माझ्या डोक्यावर का उभा आहेस?"

"क्राइनच्या कमरेला पाटी असायची. आकडे मांडायची. दोरी आहे, पाटी नाही. तुझा कोट आज फार ताठ बसलाय, लुब्बर्ट."

लुब्बर्टच्या गालावर लाल डाग चढले. त्यानं कोटाच्या आतून पाटी काढली.

"प्रेताच्या कमरेची काढलीस?"

"जहाज मला न्यायचंय, तुला नाही! आकडे साहेबांना माझ्या तोंडून कळावे असं वाटलं. लाज वाटली मागाहून. पण उपयोग काय? म्हाताऱ्याची अक्कल गेली होती. हे बघ शेवटचं."

पाटीवर खडूचे आकडे एकाखाली एक. चार. साडेचार. पाच. साडेपाच. आणि अगदी खाली 'सहा', त्याच्याखाली दोन जाड रेघा.

"त्याच्या कागदात सहा वाव कधी आहे?"

"आठ टोलांना. आणि हे सहा टोल पडायच्याही आधीचं. दोन टोलांची चूक. क्राइनसारखा माणूस."

"क्राइनसारखा माणूस," एल्के हळूच म्हणाला.

५

घड्याळ मागच्या डोलकाठीपाशी, घंटेच्या शेजारी. तिथं गिलिस बसला होता, गुडघे पोटाशी घेऊन.

गिलिस सगळ्यांचा लाडका. कारण एकच, आणि ते कप्तानाच्या कानापर्यंत कधी गेलं नव्हतं: गिलिस वाळू चोरायचा. थोडी वाळू वर शिल्लक असतानाच घड्याळ उलटायचं आणि टोल द्यायचा. पाळी तेवढी लवकर संपते, गारठलेली माणसं तेवढी लवकर पांघरुणात शिरतात. सगळेच जण चोरायचे, पण गिलिसचा हात उदार. दुपारी सूर्य माथ्यावर आला की हिशेब पुन्हा जुळे, कुणाचं काही बिघडत नसे. येप्पेची आई दारात राहायची ती त्याच्यामुळेच. एल्केचे वाटाणे कच्चे राहायचे तेही.

"ये, एल्के गड्या. बस. तुझ्या चुलीची ऊब आणलीस का थोडी?"

एल्के बसला. घड्याळाच्या लाकडी चौकटीवर हात टेकवून बसला, कारण गुडघे दुखत होते. वाळू शांतपणे गळत होती. पांढरी, पिठासारखी बारीक.

"क्राइन इकडे आला होता?"

"क्राइन? छे. मी इथून हललो असतो तर टोल कुणी दिले असते?" गिलिस हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "येप्पेचं वाईट वाटतं. गळा चांगला होता."

"होता?"

"आहे म्हण. सात टोलांपर्यंत."

"परवा मासेमारांची होडी आली, तेव्हा तू तुझी हेरिंग वाटून टाकलीस. ताजी हेरिंग, गिलिस. तू."

"पोट बरं नव्हतं."

"चिठ्ठी आली होती ना तुला? भावाची काही खबर?"

गिलिसचा धाकटा भाऊ वाउटर वर्षभर इंग्रजांच्या कैदेत होता. "जिवंत आहे," गिलिस म्हणाला. मग वाळूकडे पाहत राहिला.

एल्के उठला. हात चिकट झाला होता. आचाऱ्याचा हात चिकट असायचाच, त्यानं तो सवयीनं पोटावर पुसला. बोटांना काहीतरी खरखरीत लागलं.

६

स्वयंपाकघरात तो चुलीपुढे उभा राहिला. मोठं पातेलं अजून तिथंच, करपलेलं.

आग तीच होती. लाकूड तेच, पाणी तेवढंच, पोतंही तेच. सकाळी पाळीचा पहिला टोल पडायच्या आधी वाटाणे चढवले, रोजच्यासारखे. आठ टोलांना उतरवायचे, तेव्हाही त्यांना दात लागतात. आज सहा टोलांना त्यांचं पीठ झालं होतं.

वाटाण्याला कुणी फसवू शकत नाही. त्याला टोल ऐकू येत नाहीत.

एल्केनं पोटावर पुसलेली बोटं नाकाशी नेली. धुराचा वास, डुकराच्या चरबीचा. ती चरबी संपली होती. शेवटचा गोळा क्राइनच्या शिशाला गेला होता. त्यानं बोटं दाराच्या उजेडात धरली. चरबीत काळपट कण आणि शिंपल्यांचा चुरा.

आपल्या स्वयंपाकघरात काय वाटेल ते सापडेल, पण समुद्राच्या तळाची वाळू? ती इथं कधी आली नव्हती.

त्यानं डोकं दाराच्या चौकटीला टेकवलं. सबंध जहाजाचं गुपित त्याच्या जिभेवर आलं होतं. ते कप्तानापुढे मांडायचं म्हणजे दीडशे माणसांच्या पोटावर पाय. आणि न मांडायचं म्हणजे एका माणसाच्या पाठीला प्रेत.

तेवढ्यात त्याला जाणवलं की पायाखालचा हेलकावा बदलला आहे. सकाळपासून भरतीच्या ओढीनं नांगराचा दोर करकरत होता. आता करकर थांबली होती. खुंटीवरचे डाव हलत नव्हते.

तो धावला. साठीचा माणूस, पण धावला.

७

मागच्या डोलकाठीपाशी, घंटेजवळ माणसं जमली होती. येप्पेला आणलं होतं. क्राइनला शिडाच्या कापडात गुंडाळून शेजारी उभं धरलं होतं, आणि दोर तयार होता. गिलिस घंटेचा लोळा धरून उभा, दुसऱ्या हातात घड्याळ.

"साहेब, आम्ही वाळू चोरतो," एल्के म्हणाला.

कुणीतरी पुटपुटलं, "म्हातारा चळला."

"आम्ही सगळे. घड्याळ लवकर उलटतो. पाळी आखडते. तुमच्यापर्यंत येऊ दिलं नाही. शिक्षा द्या, पण आधी ऐका. येप्पेचं गाणं टोलाच्या मागे का राहतं? चोरीमुळे. माझे वाटाणे कच्चे का? चोरीमुळे. आज गाणं टोलाच्या पुढे गेलं. आज वाटाण्यांचं पीठ झालं. साहेब, आज कुणी वाळू चोरली नाही. आज कुणीतरी वाळू थांबवली."

"थांबवली?"

"घड्याळ आडवं ठेवलं की वाळू झोपते. हवं तेवढा वेळ. आज सकाळपासून ते थोडं थोडं झोपत होतं. आणि एकदा बरंच झोपलं, येप्पेचं गाणं संपल्यावर." एल्केनं श्वास घेतला. "मी चाळीस वर्षं समुद्रावर आहे. पाळी आखडणारे शेकडो पाहिले. स्वतःची पाळी लांबवणारा खलाशी आईनं जन्माला घातलेला नाही. हा आळस नव्हे. हा बेत आहे."

गिलिस हसला. "वाटाण्यांची साक्ष काढतोस? पंचायतीपुढं?"

"एकट्या वाटाण्यांची नाही. लुब्बर्ट, पाटी दे."

लुब्बर्टनं क्षणभर दात आवळले, मग पाटी कप्तानाच्या हातात दिली. "प्रेतावरून मीच काढली, साहेब. दडवली. तो गुन्हा माझा. पण आकडे क्राइनच्या हातचे."

"सहा वाव," एल्के म्हणाला. "क्राइन चुकला नव्हता. पाणी खरं बोलत होतं, टोल खोटं बोलत होते. त्याला ते कळलं, म्हणून तो घड्याळवाल्याला दाखवायला घेऊन आला. 'बघ, सहा. मी सांगतो ना तुला.' येप्पेनं ऐकलंय. घड्याळवाल्यानं बघितलं. आणि आत्ताच वर आलेलं ओलं शिसं उचलून त्याच्या डोक्यात घातलं. वाटलं असेल, पाण्यात पडेल, पाय घसरला म्हणू. कमरेची गाठ तो विसरला."

"बोलायला काय लागतं," गिलिस म्हणाला.

"ते घड्याळ दाखव."

"का?"

"चौकटीला आतल्या बाजूनं धुरातल्या डुकराची चरबी लागली आहे. तेवढा एकच गोळा जहाजावर होता, तो क्राइनच्या शिशाखाली. आणि तिच्यात काळी वाळू आहे. घड्याळातली वाळू पांढरी असते, गिलिस. बाहेरची काळी कुठून आली?"

कप्तानानं हात पुढे केला. गिलिसनं घड्याळ द्यायला काढलं. सगळ्यांना चौकट दिसली, कप्तानाला बोटांचा चिकट ठसाही दिसला. आणि मग गिलिसनं ते दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं आणि फळ्यांवर आपटलं.

काच फुटली. पांढरी वाळू ओल्या लाकडावर सांडली आणि तिथंच राखाडी झाली.

"आता किती वाजले ते सांगा," गिलिस म्हणाला. "सांगा ना. जा दांड्यावर."

त्याला चौघांनी धरलं. तो झटापट करत नव्हता. "जहाज दांड्यावर बसलं तर वाउटरला सोडतील," तो खाली पाहत म्हणाला. "चिठ्ठीत तेवढंच होतं. माणसं मारणार नाहीत म्हणाले, नुसतं पकडतील. क्राइनला… मला तो यायला नको होता. तो का आला?"

त्याला उत्तर द्यायला वेळ नव्हता. "साहेब, नांगराचा दोर," एल्के म्हणाला.

कप्तान वाकला. जाड दोर पाण्यात सैल पडला होता, करकर नाही, ताण नाही. भरती संपली होती. टिटवी पाण्यावर नुसती उभी होती, श्वास रोखून.

"आत्ता," कप्तान म्हणाला. "आत्ता, नाहीतर कधीच नाही. उचला नांगर!"

८

क्राइनच्या कागदात वाट अशी होती: आग्नेयेला एक फेरा, मग दक्षिणेला वळून अर्धा. धुक्यात किनारा दिसत नव्हता. घड्याळ फळ्यांवर सांडलं होतं. कप्तानाच्या खोलीतलं दुसरं घड्याळ मागच्या लढाईतच गेलं होतं.

लुब्बर्टचे हात सुकाणूवर पांढरे पडले होते. "वळायचं कधी, साहेब? लवकर वळलो तरी मेलो, उशिरा तरी मेलो."

एल्केनं येप्पेच्या पायातली बेडी स्वतः काढली. "पंपावर जा. गा."

"काय?"

"बेचाळीस दारं. एकही गाळू नकोस, एकही वाढवू नकोस. तूच आता घड्याळ."

येप्पे पंपाशी गेला. पहिल्या दाराला त्याचा आवाज फुटला. दुसऱ्या दाराला सावरला. एल्के सुकाणूशेजारी बसला, मांडीवर दोन वाट्या. एका दाराला एक कोरडा वाटाणा, या वाटीतून त्या वाटीत.

*तिसऱ्या दारी म्हातारी, कडी लावीना दाराला,*
*"येईल," म्हणे, "उशिरानं, उघडं असू दे वाऱ्याला…"*

दीडशे माणसं, आणि कुणी खोकलं नाही. पुढून फळीवरचा माणूस नव्या शिशानं पाणी जोखत होता. सहा. साडेपाच. पाच. तेविसाव्या दाराला तळाची वाळू जहाजाला घासली. आवाज नव्हे, तळपायाला लागलेली एक लांब थरथर. लुब्बर्टचे डोळे मिटले. एल्केनं वाटाणा हलवला. थरथर संपली.

"बेचाळीस," एल्के म्हणाला.

सुकाणू फिरलं. येप्पेनं न थांबता पुन्हा पहिलं दार उघडलं. एकविसाव्या दाराला फळीवरून आरोळी आली, "दहा वावांनाही तळ लागेना!" आणि धुक्याच्या पलीकडे खुल्या समुद्राचा मोठा, संथ हेलकावा टिटवीला मिळाला.

लुब्बर्टनं सुकाणू एका हातानं धरून दुसऱ्या हातानं डोळे पुसले आणि म्हणाला, "म्हाताऱ्या, वाटाण्यांना माझा सलाम सांग."

९

कायदा मात्र जागेवर होता.

संध्याकाळी धुकं विरलं. आपल्या आरमाराची शिडं क्षितिजावर दिसली. गिलिसला क्राइनच्या पाठीला पाठ लावून बांधलं तेव्हा तो एल्केकडे पाहून म्हणाला, "वाटाणे, काय? आणि मी त्या गाण्याला भीत होतो."

"प्रार्थनेला एक फेरा," कप्तान म्हणाला. "वेळ कोण मोजणार?"

येप्पेकडे कुणी पाहिलं नाही, पण तोच पंपाशी गेला. एल्केनं वाट्या आणि वाटाण्यांचं पोतं आणलं. बेचाळीस वाटाणे मोजून एका वाटीत टाकले.

गाणं सुरू झालं. जाळं विणणारी बाई आली. कडी न लावणारी म्हातारी आली. आंधळा सुतार, जुळ्या पोरी. गिलिसचे ओठ हलत होते. प्रार्थना होती की तीच दारं, कळलं नाही. शेवटल्या दारात आई आली, तिनं हात पुसले, ताट वाढलं. एल्केची पहिली वाटी रिकामी झाली.

पंपाचा दांडा थांबला. जहाजावर तीच शांतता पसरली, सकाळची, ज्या शांततेपायी येप्पे मरणार होता.

कप्तानानं मान वळवली. "संपलं?"

आणि तेव्हा दांडा पुन्हा खाली गेला. येप्पेनं जे गायलं ते या गाण्यात कधीच नव्हतं.

*आणखी एक दार आहे, कुलूप त्याच्या कडीला,*
*भाऊ आतून विचारी, "जागा आहे का होडीला?"*

गिलिसनं डोळे मिटले.

"एल्के," कप्तान म्हणाला, "मी विचारलं, संपलं का?"

एल्केनं पोत्यात हात घातला आणि आणखी एक वाटाणा काढून रिकाम्या वाटीत टाकला.

"नाही, साहेब," तो म्हणाला. "अजून एक दार आहे."